कालव्याचा पूल आणि दोन ओळींचं उत्तर

नाशिकला गंगापूर रोडच्या आतल्या बाजूला, एका औषधाच्या दुकानाच्या वर, माझा फिजिक्सचा क्लास आहे. क्लास म्हणजे एक लांबट खोली, पांढरा फळा आणि माझ्यापेक्षा मोठ्या आवाजात बोलणारा एक पंखा. मोठ्या क्लासवाल्यांचे फ्लेक्स चौकाचौकात लागतात, त्यांवर पोरांचे फोटो दाटीवाटीने बसवलेले असतात. माझा फ्लेक्स नाही. माझी जाहिरात माझं तोंडच करतं, आणि ते तोंड, आमच्या घरातल्यांच्या मते, फक्त जेवताना बंद असतं. तेही घास चावण्यापुरतं.

या तोंडाने मी इतकी वर्षं पोरांना एकच गोष्ट सांगत आलो. बाण काढत बसू नका.

ज्यांनी बारावीनंतर फिजिक्सला रामराम ठोकला, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. उतारावरून एक ठोकळा घसरतोय, खाली आल्यावर त्याचा वेग किती, असा प्रश्न असतो. तो सोडवायच्या वाटा दोन. पहिली कष्टाची. ठोकळ्याचं चित्र काढायचं, त्याच्यावर जी जी बळं लागतात त्यांचे बाण काढायचे, वजनाचा खाली, जमिनीच्या रेट्याचा उताराला काटकोनात, घर्षणाचा मागे. मग जो बाण तिरका असेल त्याचे दोन तुकडे पाडायचे, एक उताराच्या दिशेने, दुसरा त्याला काटकोनात. मग समीकरणं मांडत बसायचं. दुसरी वाट ऊर्जेची. ठोकळा किती उंचीवर होता, किती उंचीवर आला, बास. जेवढी उंची गेली तेवढा वेग आला. मधला उतार सरळ होता की वाकडा, याच्याशी आपल्याला देणंघेणं नाही. दोन ओळींत उत्तर हातात. घर्षण नसेल तर, अर्थात. पण घर्षण नाही असं प्रश्नातच छापलेलं असतं, आणि मला प्रश्नात छापलेल्या जगात राहायची सवय झाली आहे.

मला या दुसऱ्या वाटेचं वेड आहे. 'सुरुवात बघा, शेवट बघा, मधलं सोडा.' हे वाक्य मी इतक्यांदा म्हटलंय की मी खोलीत शिरायच्या आधीच पोरं ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतात. मला ते ऐकू येतं. आवडतंसुद्धा, फक्त तसं दाखवत नाही. ऊर्जा सगळीकडे चालत नाही, हे मला माहीत नाही असं नाही. एखाद्या ठरावीक जागी ठोकळ्याचं काय होतंय, तो जमिनीला टेकलेला राहतो की सुटतो, असं विचारलं की बाण काढल्याशिवाय गत्यंतर नसतं. हेही मी शिकवतो. पण एकदाच, घाईघाईत आणि जरा तोंड वाकडं करून.

घरातही माझं हेच. बायकोने भाजीला पाठवलं तर घर आणि भाजीबाजार, एवढी दोन टोकं माझ्या लक्षात पक्की असतात. काय आणायचं, ही मधली गोष्ट राहून जाते. बायको शाळेत मराठी शिकवते. तिला फिजिक्समधलं काही कळत नाही असं ती आधी सांगून टाकते आणि मग नेमकं वर्मावर बोट ठेवते.

आणि आमची मुलगी निघाली बाणवाली.

तिला सिव्हिलला जायचं होतं. पूल बांधायचे, म्हणायची. बारावीला ती माझ्याच क्लासला होती. तिथे मला 'सर' म्हणायची आणि घरी 'बाबा', पण मी घरी आल्यावरही सरच राहायचो, हा भाग वेगळा. ठोकळ्याचं चित्र ती पट्टीने काढायची. मग एकेक बाण, प्रत्येकाला नीट टोक, प्रत्येकावर नाव. तिच्या वहीतला ठोकळा साळिंदरासारखा दिसायचा. उत्तर मात्र बरोबर यायचं. जवळजवळ नेहमी. फक्त सराव परीक्षेत वेळ संपायची आणि शेवटचे प्रश्न तसेच राहायचे. माझ्या डोक्यात तिडीक जायची.

'तिचं उत्तर बरोबर येतंय ना?' बायको म्हणायची.

'येतंय. पण कधी?'

'येतंय ना पण? मग झालं.'

मराठीच्या पेपरात असं चालतं, प्रवेश परीक्षेत चालत नाही, असं मी म्हणायचो. मग ती दोन दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायची.

एकदा क्लासमध्ये मी मुलीची वही उचलून सगळ्यांना दाखवली आणि म्हणालो, 'आमच्या घरी फिजिक्स नाही, तिरंदाजी चालते.' पोरं हसली. तीही हसली. मला वाटलं, काय झकास विनोद केला. त्यानंतर तिच्या वहीतले बाण लहान झाले, मग पेन्सिलचे झाले, मग मी शेजारून गेलो की ती ते खोडरबराने पुसायला लागली. याला मी सुधारणा समजत होतो.

आता शपथेची गोष्ट. आमच्या घरात शपथेचा एक जुना कायदा आहे, पोरगी बालवाडीत असल्यापासूनचा. ज्याने शपथ घातली त्यानेच 'सुटली' म्हटलं तर ती सुटते, नाहीतर नाही. पोरांच्या खेळातला नियम, पण ती तो एखाद्या न्यायाधीशासारखा पाळते. लहान असताना मी तिला एकदा सांगितलं होतं, 'मी येईपर्यंत कोणालाही दार उघडायचं नाही, माझी शपथ.' नेमकी तिची मावशी कळवणहून आली, दोन्ही हातांत पिशव्या घेऊन. पोरगी आतून म्हणे, 'मावशी, तू बाहेर बस, बाबांना काहीतरी होईल.' मी परत येईपर्यंत मावशी जिन्यात बसून होती, चांगली तापलेली. मला पोरीचा केवढा अभिमान वाटला होता.

तर परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, जेवणाआधी, मी या कायद्याचा गैरवापर केला. तिला समोर बसवलं आणि म्हणालो, 'उद्या एकही बाण काढायचा नाही. सुरुवात आणि शेवट. मधलं काही बघायचं नाही. शपथ घे.'

'कोणाची?'

'माझी.'

तिने हातातली वही मिटली. मग 'बरं' म्हणाली. बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, आणि पोळ्या लाटायला परत गेली. त्या संध्याकाळी मी खरं तर स्कूटरमध्ये पेट्रोल भरून आणणार होतो. ते शपथेच्या नादात राहून गेलं.

सकाळी बायकोने पोरीच्या हातावर दही-साखर ठेवली. माझ्याही ठेवली, म्हणजे तिचा राग थोडा उतरला होता. सेंटर शहराबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात होतं. मी मुख्य रस्ता सोडून मळ्यांतला आतला रस्ता धरला, तो जवळचा म्हणून.

'बाबा, काटा लालवर आहे,' ती मागून म्हणाली.

'पंप वाटेतच आहे.'

पंप वाटेत होता, यात खोटं काही नव्हतं. फक्त पंपाच्या बऱ्याच अलीकडे, एका टेकाडावर, स्कूटरने दोन आचके दिले आणि ती बंद पडली.

तिथून पुढचा रस्ता चांगला लांबवर दिसतो. आधी उतार, दोन्ही बाजूंना नुकत्याच छाटलेल्या द्राक्षबागा, मग कालव्याचा पूल, पूल ओलांडला की मोठा रस्ता, आणि मोठ्या रस्त्याला लागून पंप. पंपाची पाटी मला तिथूनच दिसत होती. आपण वर, पंप खाली. माझे डोळे लकाकले असणार.

तेवढ्यात टोमॅटोच्या क्रेट भरलेली एक पिकअप मागून आली आणि थांबली. ड्रायव्हरने मान बाहेर काढली.

'काय झालं, पेट्रोल संपलं का? ताईची परीक्षा हाय वाटतं. बसवा तिला, सोडतो सेंटरला. तिकडंच चाललोय.'

कुठलाही शहाणा बाप पोरीला त्या पिकअपमध्ये बसवून मोकळा झाला असता.

'नको,' मी म्हणालो, 'पुढे उतारच आहे.'

त्याने रस्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. 'बघा बुवा. लय टाइम नाय राहिला,' म्हणाला आणि निघून गेला. मुलीने जाणाऱ्या पिकअपकडे बघितलं, पण बोलली काही नाही. माझ्या मागे गप बसली.

मग मी पायाने रेटा दिला आणि आम्ही निघालो. इंजिन बंद, आवाज नाही, कानाशी वारा, शर्ट फुगलेला. मी चालत्या गाडीवर मागे मान वळवून तिला शिकवत होतो. 'बघ, यालाच म्हणतात ऊर्जा. आपण किती उंचावर होतो आणि कुठे पोचायचंय, एवढंच बघायचं. मधलं सगळं आपोआप होतं. हे बाणांनी करायला गेली असतीस तर अजून टेकाडावरच बसली असतीस.' मी इतका खूश होतो की एका बैलगाडीवाल्याला हात केला.

उतार संपला. वेग माझ्या हिशोबापेक्षा जरा कमीच वाटला. पुढे कालव्याचा पूल. या रस्त्यावरून मी शेकडो वेळा गेलोय आणि तो पूल चढावर आहे हे शेंबडं पोरही सांगेल, पण इंजिन चालू असलं की चढ कोणाच्या लक्षात राहतो. गाडी पुलाच्या चढाला लागली, दमली, आणखी दमली, आणि वरच्या टोकाच्या जरासं अलीकडे थांबली. थांबली ते थांबली, मागे घरंगळायला लागली. मी दोन्ही पाय टाकून घसरत घसरत ती कशीबशी धरली. एक चप्पल उतारावर मागे राहिली.

इथे ऊर्जेची बदनामी नको. ती बिचारी पूल मोजायला कधी नाही म्हणत नाही, आणि चाकांच्या घर्षणात काय काय जातं तेही विचारलं तर सांगते. मी विचारलंच नाही. दोन टोकं बघितली आणि मधला पूल सोडून दिला, जसा मी भाजी आणायला विसरतो तसा. माझ्या पोटाचाही यात दोष नाही. वजन या गणितातून दोन्ही बाजूंनी उडून जातं. पोटाचा दोष नंतर, ढकलताना कळला.

मुलगी उतरली, माझी चप्पल आणून दिली, आणि आम्ही गाडी ढकलायला लागलो. मी हँडल धरून पुढे, ती मागून.

'मला वाटलंच होतं पुलावर थांबेल,' ती म्हणाली. सहज म्हणाली, धापा टाकत.

'काय?'

'वरूनच दिसत होतं. उतार तसा मंदच आहे, चाकं घासतात, खाली येईपर्यंत निम्मा जोर गेलेला असणार. आणि पुलाचा चढ एकदम उभा आहे.'

मी ढकलायचा थांबलो. 'मग बोलली का नाहीस? ती पिकअप थांबली होती ना!'

'तुम्हीच म्हणालात ना,' ती म्हणाली, 'आज मधलं काही बघायचं नाही.'

टोमणा असता तर मी सुखाने ऐकून घेतला असता. टोमण्यांची मला घरी सवय आहे. पण ती अगदी सरळ बोलत होती. तिला दिसत होतं आणि ती गप्प बसली, कारण मी शपथ घातली होती. आपली परीक्षा बुडायची वेळ आली तरी गप्प बसली. मला तिला तिथेच काहीतरी सांगायचं होतं, पण पुढे पूल होता, हातात गाडी होती, आणि माझा श्वास, सांगायला लाज वाटते, बोलण्याएवढा उरलेला नव्हता.

पुढचं सगळं पळापळीत झालं. पुलावरून गाडी पंपापर्यंत आपोआप गेली, या वेळी खरंच. पंपावर रांग होती, लोकांनी मुलीच्या हातातलं हॉलतिकीट बघून आम्हाला पुढे सोडलं. सेंटरला पोचलो तर वॉचमन गेट ओढत होता. 'चला, चला, शेवटची मुलं.' ती गाडीवरून उडी मारून पळत सुटली. मी गाडी स्टँडला लावेपर्यंत ती आत गेली होती, आणि तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, की मी 'सुटली' म्हटलेलंच नाही.

मी गेटच्या गजांना धरून ओरडलो, 'सुटली! अगं, सुटली!'

ती लांब तपासणीच्या रांगेत शिरली होती. तिने वळून बघितलं नाही. शेजारच्या चार पालकांनी मात्र बघितलं.

'काय सुटलं, काका?' वॉचमनने विचारलं.



कॉलेजच्या भिंतीलगत एका कडुलिंबाखाली पालक वर्तमानपत्रं पसरून बसले होते. मीही बसलो. एकाने मला खारी दिली. परीक्षा तीन तासांची, फोन आत नेता येत नाहीत, निरोप पाठवायची सोय नाही. तेव्हा मला तो गोल रुळाचा प्रश्न आठवला आणि खारी हातातच राहिली.

हा प्रश्न हमखास येतो. उभ्या गोल रुळावरून एक छोटी गाडी फिरवायची आहे. ती किती उंचीवरून सोडली म्हणजे वरच्या टोकाला खाली न पडता पूर्ण गोल फिरेल? नुसती ऊर्जा लावली तर वाटतं, गोलाच्या टोकाएवढ्या उंचीवरून सोडली की झालं, दोन ओळींत. आणि ते उत्तर साफ चूक. तेवढ्या उंचीवरून सोडलेली गाडी टोकाला पोचायच्या आधीच रूळ सोडून खाली पडते. वरच्या टोकाला तिला रुळाला चिकटून राहायला किती वेग हवा, हे तिथे बाण काढल्याशिवाय कळतच नाही. तेवढा वेग हवा म्हणून गाडी आणखी उंचावरून सोडावी लागते. चुकीचं उत्तर पर्यायांत मुद्दाम ठेवलेलं असतं, माझ्यासारख्यांच्या पोरांसाठी. हा प्रश्न मी स्वतः शिकवतो. शपथ घालताना तो मला आठवला नव्हता.

मी तीन तास तिथे बसून एकच विचार करत होतो. ती आत बाण न काढता बसली असेल. वर्षभर बरोबर उत्तरं काढणारी पोरगी, आज माझं ऐकून चुकीच्या उत्तरांचे गोल काळे करत असेल. मावशीला जिन्यात बसवणारी मुलगी ती. ती शपथ मोडणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं, देवा, या पोरीने एकदा तरी माझं ऐकू नये. शेजारचा एक ओळखीचा पालक म्हणाला, 'काळजी करू नका हो, तुम्ही तर फिजिक्सचे सर ना?' मी मान हलवली. त्या क्षणी मला कोणी विचारलं असतं तर मी स्वतःला भाजीवाला म्हणून सांगितलं असतं.

मुलं बाहेर यायला लागली. ती शेवटच्या घोळक्यात दिसली. बाकीच्या मुली धावत होत्या तशी ती मला बघून धावली नाही. सावकाश आली, आणि थोडी लांबच उभी राहिली. माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत बघितलं.

'बाबा, तुम्ही बरे आहात ना?'

'मला काय धाड भरलीय? तू सांग. गोल रुळाचा आला होता?'

'आला होता.'

'मग?'

ती पायाने माती उकरत राहिली. मग खालच्या आवाजात, कॉपी करताना सापडल्यासारखं, म्हणाली, 'मी शपथ मोडली.'

मला एकदम बोलताच आलं नाही. मला, ज्याचं तोंड जेवतानाच बंद असतं.

'एकच बाण काढायचा म्हटलं, त्या टोकाला,' ती म्हणाली. 'मला पुलावरची आपली गाडी आठवली. मग पुढच्यालाही काढला. मग सगळ्यांनाच काढले. शेवटचे थोडे राहिले, बाबा. रागावू नका.'

'शेवटचे राहिले तर राहिले,' मी म्हणालो. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

'तुम्ही खरंच बरे आहात ना?'

तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात शिरलं, की ती पहिल्यापासून काय विचारतेय. गुरुत्वाकर्षणाचे बाण पट्टीने काढणारी, पूल बांधायला निघालेली ही पोरगी, तीन तास आत बसून एकेक बाण काढत होती, आणि प्रत्येक बाणाला तिला वाटत होतं की बाहेर बापाला काहीतरी होईल. तरी तिने काढले.

माझे डोळे भरून आले. मी ते लपवायच्या भानगडीत पडलो नाही.

'सुटली,' मी म्हणालो. 'मघाशीच सुटली होती, गेटवरून ओरडलो, तुला ऐकू गेलं नाही. आणि मोडलीस ते फार बरं केलंस.'

'खरंच?'

'खरंच.'

'सगळ्या बाणांचं?'

'सगळ्या.'

तिने माझ्याकडे जरा वेळ नीट बघितलं, मी खोटं बोलतोय का म्हणून. मग माझ्या हातातली किल्ली घेतली आणि गाडीपाशी जाऊन आधी पेट्रोलचा काटा तपासला.